पांढऱ्या पळसाचा पत्ता

१२ ऑगस्ट

निवृत्त होऊन आज त्रेचाळीस दिवस झाले. ऊर्जानगरच्या पॉवर स्टेशनात सदतीस वर्षं टर्बाइनजवळ काढली. शिफ्ट संपताना लॉगबुकात लिहायचं: वेळ, दाब, तापमान, काय बिघडलं, कुणी पाहिलं. आता संध्याकाळी हात मोकळा राहतो आणि काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. म्हणून ही वही. घरात आम्ही हिंदी आणि इकडची बोली मिसळून बोलतो, पण माझी शाळा मराठी, लॉगबुकही मराठी. पेन त्याच भाषेत चालतो.

आज नोंद करण्यासारखं घडलं. क्वार्टर सोडून दुर्गापूरच्या या घरात आल्यावर माझ्या बायकोने, जरीनाने अंगणात झेंडू लावला होता. सकाळी ती बाहेरून ओरडली, "पायता का इकडे? हा झेंडू येडा झाला!" गेलो. फुलाच्या मधोमध एक हिरवा देठ वर आला होता आणि त्याच्या टोकाला दुसरं फूल. फुलाच्या पोटातून फूल! छोटं, पण पूर्ण. मी गुडघ्यावर बसून मोबाइलने फोटो काढले. किती वेळ गेला कळलं नाही. उठलो तेव्हा पाय बधिर झाले होते आणि चहा थंड.

मशीन असं चुकलं असतं तर मी अलार्म दिला असता. इथे मला टाळी वाजवावीशी वाटली.

२० ऑगस्ट

मुलीला, अमरीनला फोटो पाठवला. ती नागपूरला बँकेत आहे. म्हणाली, "अब्बू, तुमच्यासारखे खूप वेडे आहेत." तिने मला एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये टाकलं. तिथे लोक फक्त जुळी, वाकडी, भलत्या रंगाची फुलं टाकतात. माझ्या झेंडूला एकोणतीस जणांनी अंगठा दिला.

४ ऑक्टोबर

जरीनाच्या भाचीच्या साखरपुड्यासाठी ब्रह्मपुरीला आलो. ब्रह्मपुरी तिचं माहेर. रात्री जेवताना ती सहज म्हणाली, तिच्या लहानपणी धानाच्या बांध्यांपलीकडच्या तळ्यात एकदा जोडकमळ निघालं होतं, एका देठावर दोन. अम्मीने कडेवर घेऊन दाखवलं होतं.

सकाळी सहाला मी एकटाच निघालो. आशा कसली नव्हती, फिरायला म्हणून. तळं भरून कमळं. उन्हं वर येईपर्यंत एकेक पाहत काठाने चाललो. आणि सापडलं. एक देठ, त्यावर पाठीला पाठ लावून दोन कमळं, एक पूर्वेला तोंड करून, एक पश्चिमेला. पश्चिमेचं अजून उघडत होतं. पाकळी सुटताना हलके थरथरते, हे मी अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. चिखलात मांडीपर्यंत गेलो. भीती वाटली नाही.

परत येऊन जरीनाला फोटो दाखवला. तिने बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "मले उठवाचं होतं." मी म्हटलं, रात्री उशिरा झोपली होतीस, झोपू दिलं. तिने मोबाइल परत दिला आणि पोहे ढवळायला गेली. दिवसभर स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. माहेरी आल्यावर बायका अशा होतात.

१९ नोव्हेंबर

हिरवी सदाफुली. पाकळ्यांच्या जागी पानं. ग्रुपवरच्या शेतकीतल्या एकाने सांगितलं की हा रोग आहे, झाड उपटून टाका. सुंदर गोष्ट रोग असू शकते, हे पचायला वेळ लागला. उपटली.

पियुष नावाच्या एका माणसाने स्वतंत्र मेसेज केला. "अयूब सर, तुमची नजर वेगळी आहे." तो दुर्मीळ फुलांचं कॅलेंडर काढतोय. मला आजवर साहेबांनीही कधी सर म्हटलं नव्हतं.

२ डिसेंबर

पियुषने कुरिअरने लेन्स पाठवली, मोबाइलला चिमट्यासारखी लावायची. मी नको म्हणत होतो. तिच्यातून जास्वंदाचा पराग पाहिला. एकेक कण म्हणजे काट्यांचा सोन्याचा गोळा. जरीनाला बोलावलं. तिने पाहिलं आणि "या अल्ला" म्हणून माझा दंडच धरला. मग तास दोन तास लेन्स तिच्याकडेच होती. शेवटी मागून घ्यावी लागली.

१४ जानेवारी

सुनिल भेटायला आला. आयटीआय झाल्यावर एक वर्ष तो माझ्या हाताखाली अप्रेंटिस होता. आता सूरजागडच्या खाणीत डंपर चालवतो. गाव त्याचं तिकडेच, एटापल्लीच्या आतल्या जंगलात. नवीन मोटरसायकल घेतली आहे, तीच दाखवायला आला असावा.

मी त्याला फुलं दाखवली. जोडकमळ पाहून म्हणाला, "चाचा, आमच्या गावी पांढरा पळस आहे." आणि लगेच जीभ चावली.

मला खरं वाटेना. सत्तावन्न फाल्गुन मी पळस लालच पाहिला आहे. तो म्हणाला, ते देवाचं झाड आहे. त्याची आजी सोनीबाई त्याला जपते, तिच्या आधी तिची सासू जपायची. बाहेरच्यांना दाखवत नाहीत. पांढऱ्या पळसाच्या मुळीने गुप्तधन सापडतं असं मानणारे लोक आहेत, ते अशी झाडं खोदून नेतात. मी फक्त पाहायला येऊ का, विचारलं. म्हणाला, बाबाला विचारतो.

११ फेब्रुवारी

सुनिलचे वडील लालसूभाऊ यांचा फोन. गावाची बैठक झाली. "भाऊ, माझ्या पोराने तुमच्या हाताखाली काम शिकलं. तुम्ही त्याले कधी शिवी नाई दिली. म्हणून मी गावाले बोललो, हा माणूस माझ्या जबाबदारीवर. या. पण गाव कोणाले सांगाचं नाई."

मी शब्द दिला.

जरीनाने विचारलं, "किती दूर आहे?" म्हटलं, बस, मग मोटरसायकल, मग पायी. बाईमाणसाची फार दगदग होईल. मागच्या आठवड्यात तिने कॅनव्हासचे बूट आणले आहेत, सकाळी चालायला म्हणे. अजून एकदाही चालायला गेलेली नाही.

२५ फेब्रुवारी

गावाचं नाव इथेही लिहीत नाही.

पहाटेच्या बसने निघालो. जरीनाने दोन डबे भरले होते. म्हटलं एकटा माणूस किती खाईन, एक काढून ठेवला. आलापल्लीहून सुनिलने मोटरसायकलवर घेतलं. गावात लालसूभाऊंनी जोहार घातला, पाणी दिलं. पन्नाशीचा, बारीक, फार कमी बोलणारा माणूस. सोनीबाई त्यांची आई. पंच्याहत्तर तरी असेल. एका डोळ्यात मोतीबिंदू, पाय अनवाणी. ती फक्त माडिया बोलते. तीच पुढे चालू लागली आणि मी मागे धापा टाकत.

वाटेत सगळीकडे लाल पळस. उतारावर एक पान नाही, नुसती फुलं. एरवी मी तिथेच दिवस घालवला असता. सोनीबाई वळूनही पाहत नव्हती. नाल्याच्या वळणावर ती थांबली आणि बोटाने माझ्या चपलांकडे दाखवलं. काढल्या.

आधी वाटलं, झाडावर बगळे बसलेत. शंभरेक बगळे. मग बराच वेळ झाला तरी एकही उडेना.

सदतीस वर्षांत मी टर्बाइनचं पोट उघडलेलं पाहिलं आहे, मक्केचा फोटो पाहून रडलो आहे, अमरीनला पहिल्यांदा हातात घेतलं आहे. आज त्या रांगेत बसेल असं काही पाहिलं. पांढरा म्हणजे चुन्यासारखा नाही. तांदळाच्या पेजेसारखा, आतून उजेड असलेला. आकार पळसाचाच, पोपटाची चोच, पण सगळा रंग कुणीतरी काढून घेतलेला. देठाजवळची वाटी मखमली, काळपट हिरवी. लेन्समधून पाकळीवर लव दिसली, नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या खांद्यावर असते तशी. साळुंक्या लाल झाडावरून या झाडावर येत होत्या, चोच बुडवत होत्या आणि परत लाल झाडावर जात होत्या. त्यांना काही फरकच पडत नव्हता.

माझ्या तोंडून मोठ्याने "सुब्हानअल्लाह" निघालं. सोनीबाईने लालसूभाऊंना काहीतरी विचारलं. मी सांगितलं, बनवणाऱ्याची तारीफ केली. तिने मान हलवली आणि बोलली. लालसूभाऊ म्हणाले, "आई म्हणते, बरोबर बोलला."

एकशे बारा फोटो काढले. त्यातले निम्मे हललेले असतील. एकाच फुलाचा एक फोटो मात्र असा आला आहे की तो मी काढला यावर माझा विश्वास बसत नाही.

निघताना सोनीबाई झाडाला टेकून उभी होती. दारात आईबापाला टेकून मूल उभं राहतं तशी.

२७ फेब्रुवारी

फोटो ग्रुपवर टाकला नाही. फक्त पियुषला पाठवला. तो वेडाच झाला. तीनदा फोन केला. "कुठलं गाव सर?" मी म्हटलं, शब्द दिलेला आहे, सांगणार नाही. म्हणाला, "वा सर, हीच खरी निष्ठा." बरं वाटलं. मग म्हणाला, कॅलेंडरच्या छपाईला मूळ फोटो लागेल, साधा पाठवला तर क्वालिटी मरते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कसं पाठवायचं तेही फोनवर समजावलं. धीराचा माणूस आहे. पूर्ण झाडाचे तीन आणि तो एक, असे चार पाठवले.

जरीना ऐकत होती. "याले फुलाचं एवढं काऊन पडलं? याने स्वतःचं एक तरी फूल टाकलं का कधी ग्रुपवर?"

मी चिडलो. म्हटलं, प्रत्येकाला फोटो काढता येतोच असं नाही, काही लोक कदर करतात. कुणी आपली कदर केली की घरच्यांना ते का सहन होत नाही, कळत नाही.

५ मार्च

पियुषचं उत्तर नाही. छपाईच्या गडबडीत असेल.

११ मार्च

दुपारी लालसूभाऊंचा फोन. नेटवर्कसाठी टेकडीवर चढून केला होता, वारा ऐकू येत होता.

"भाऊ, झाड खोदलं."

काल अमावस्या होती. रात्री कुणीतरी आले. सकाळी सोनीबाई गेली तेव्हा झाडाच्या तीन बाजूंना कमरेएवढे खड्डे, जाड मुळ्या कापून नेलेल्या, खोडाची साल माणसाच्या उंचीपर्यंत सोललेली. फुलं खाली पडून चिखलात तुडवलेली. लिंबू, कुंकू टाकलेलं.

मी विचारलं, झाड जगेल का. ते म्हणाले, "उभं आहे."

१२ मार्च

पहिला रोजा.

सुनिलचा फोन आला. आवाज बसलेला. गाव त्याच्यावर संशय घेतंय. खाणीत बाहेरच्यांसोबत उठबस त्याचीच, नवीन गाडी त्याचीच, आधी तोंड उघडलं तेही त्यानेच. पुढच्या रविवारी बैठक आहे. तोवर त्याने गावात पाय ठेवायचा नाही. आजी त्याच्याशी बोललेली नाही. "चाचा, मी आजीच्या मांडीवर त्याच झाडाखाली वाढलो. मी विकीन का?"

मी म्हटलं, नाही रे. लगेच पियुषला फोन लावला. बंद. ग्रुपमध्ये पाहिलं, तो चार दिवसांपूर्वी बाहेर पडला आहे.

पण मी तर गावाचं नाव सांगितलंच नव्हतं.

१३ मार्च

अमरीनला सगळं सांगितलं. तिने मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाली, "अब्बू, कॅमेऱ्यात लोकेशन चालू होतं का?" मला माहीत नव्हतं. तिने एकेक पायरी सांगितली तसं करत गेलो. तो सुंदर फोटो उघडला, वर सरकवला. खाली नकाशा आला. नकाशात नाल्याचं वळण आणि त्यावर एक लाल टिंब.

"साधा पाठवला असता तर हे गळून पडलं असतं. डॉक्युमेंट पाठवलं की सगळं सोबत जातं."

म्हणजे मी तोंड बंद ठेवून पत्ता दिला. तोही पावलापर्यंत अचूक.

इफ्तारला खजूर परत ताटात ठेवला, पाण्यावर रोजा सोडला.

१५ मार्च

हे लिहायला लाज वाटते, पण लॉगबुकात खोटं लिहिलं नाही, इथेही लिहिणार नाही.

दोन दिवस मी विचार करतोय की गप्प राहिलो तर काय होईल. कुणालाही कळणार नाही. गावात नकाशा उघडून पाहणारं कोण आहे? सुनिलवर पुरावा नाही, आज ना उद्या सुटेल. मी म्हातारा माणूस, परक्या जातीचा, परक्या धर्माचा, जंगलात त्या लोकांसमोर उभं राहून सांगायचं की तुमचा देव माझ्यामुळे खोदला गेला? जीव घेतला तर? नाही घेणार. पण लालसूभाऊ माझ्याकडे पाहतील.

त्या पाहण्याची भीती वाटते. बाकी कशाची नाही.

जरीनाला हे सगळं बोललो. ती ओरडेल असं वाटलं होतं, मी तुम्हाला सांगितलं होतं म्हणेल. ती म्हणाली, "रविवारी पहिली बस कितीची आहे?"

म्हटलं, पाचची.

"मी येऊन राह्यली. या वेळी मले घरी नका ठेवू."

मी तिच्याकडे पाहिलं. ऑगस्टपासूनची एकेक गोष्ट आठवली. झेंडू तिने दाखवला. तळं तिने सांगितलं. पियुषला तिने ओळखलं. दोन डबे, बूट. मी किती फुलांकडे वाकून पाहिलं आणि शेजारी उभ्या माणसाला काय पाहिजे ते मला दिसलं नाही.

म्हटलं, चल.

१७ मार्च (गावातून, लालसूभाऊंच्या ओट्यावर लिहितोय)

पाचच्या बसने आलापल्ली, तिथून काळीपिवळी जीपने जमलं तिथपर्यंत आलो, मग तीन किलोमीटर पायी. दोघांचाही रोजा. मी दोनदा बसलो, जरीना एकदाही नाही.

बैठक मोहाच्या मोठ्या झाडाखाली होती. साठ-सत्तर माणसं. मध्ये गावाचे गायता, म्हणजे पुजारी. एका बाजूला सोनीबाई. दूर, सगळ्यांपासून वेगळा, सुनिल. आज त्याला बोलावलं होतं. मला पाहून लालसूभाऊ उठले, पाणी मागवू लागले. मी थांबवलं. म्हटलं, आधी बोलू द्या. तुम्ही माडियात सांगा.

मी सांगितलं. की सुनिलने कुणाला काही सांगितलं नाही. फोटो मी पाठवला. फोटोत जागा लिहिलेली असते, हे मला ठाऊक नव्हतं. ज्याला पाठवला तो फुलांचा माणूस नव्हता. वाट मी दाखवली.

लालसूभाऊंनी पहिलं वाक्य सांगितलं, दुसरं सांगितलं आणि थांबले. माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "भाऊ, हे पुन्हा बोला." मी पुन्हा बोललो. त्यांनी डोळे मिटले. ज्याची जबाबदारी त्यांनी घेतली होती त्याचा गुन्हा त्यांनाच आपल्या तोंडाने गावाला सांगायचा होता आणि त्याच वाक्याने त्यांचा मुलगा सुटणार होता. त्यांनी सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. मला माडिया येत नाही, पण ते मला कळलं.

झाडावरून मोहाची फुलं पडत होती, टप, टप. मागून एक माणूस उठून रागाने काहीतरी म्हणाला, दोघांनी त्याला बसवलं. गायतांनी विचारलं, कोणी जबरदस्ती केली म्हणून आलास का? जरीना माझ्या आधी बोलली. "नाई जी. झोप येत नव्हती म्हणून आले."

मग सोनीबाई उठली. माझ्यासमोर आली आणि हात पुढे केला. लालसूभाऊ म्हणाले, "आई म्हणते, दाखव. काय नेलं आमचं ते दाखव."

मी तो फोटो काढला आणि मोबाइल तिच्या हातात दिला. तिने तो चांगल्या डोळ्याजवळ नेला. तिच्या बोटाने फोटो सरकला, ती दचकली. जरीनाने तिचा हात धरून फोटो मोठा कसा करायचा ते दाखवलं. एक पाकळी पडदाभर झाली. ती लव दिसली. त्या लवेत अडकलेला एक परागाचा कण.

साठ वर्षं सोनीबाईने ते झाड खालून पाहिलं. फुलं तोडायची नाहीत हा नियम, आणि पडलेलं फूल मलूल झालेलं. फुलाच्या आत ती कधी गेलीच नव्हती. तिचे ओठ हलत होते. तिने काही विचारलं, लालसूभाऊ पाठ फिरवून उभे राहिले. सुनिल दुरूनच म्हणाला, "आजी विचारते, आत असं आहे? आधीपासून?"

मी म्हटलं, हो. आधीपासून.

तिने मोबाइल शेजारच्या बाईला दिला. त्या बाईने पुढच्या बाईला. असा तो फिरला. बायका, माणसं, कडेवरची मुलं. प्रत्येकजण दोन्ही हातांनी घ्यायचा, पाहायचा, आणि थोडा वेळ पुढे द्यायला विसरायचा. मगाशी रागावलेला माणूस सगळ्यांत जास्त वेळ पाहत राहिला. त्याने मोबाइल उन्हापासून झाकायला डोक्यावरून टॉवेल ओढून घेतला. अर्धा तास मोबाइल त्या मोहाखाली फिरत राहिला. मी इतकी वर्षं नमाजाला उभा राहतो. इतकी शांत रांग फार कमी वेळा पाहिली.

मोबाइल परत सोनीबाईकडे आला. तिने तो मला दिला आणि एकच शब्द बोलली.

"पुसा," लालसूभाऊंनी सांगितलं.

एकशे बाराचे एकशे बारा. मी एकेक पुसत गेलो. तो शेवटी ठेवला होता. जरीनाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुसला. सुनिल जवळ आला होता. म्हणाला, "चाचा, रिसायकल बिनमध्येही राहते." मी त्याला मोबाइल दिला. त्याने तिथूनही काढलं, लोकेशनचं बटण बंद केलं आणि परत दिला. मग तो आजीसमोर जाऊन उभा राहिला. तिने त्याच्या कानाला धरून खाली ओढलं आणि त्याचं डोकं स्वतःच्या पोटाशी दाबलं.

दंड काय, मी विचारलं. गायता म्हणाले, संध्याकाळ व्हायच्या आत झाडाच्या जखमा लिंपायच्या आहेत, माती आणायला माणसं कमी आहेत.

तर दुपारभर आम्ही माती आणि शेण वाहिलं. रोजा असल्याचं कळल्यावर पोरी जरीनाला सावलीत बसवायला पाहत होत्या. ती ऐकेना. पदर खोचून ती सोलल्या खोडावर लिंपण करत होती, आपल्या माहेरच्या भिंती लिंपायची तसं, हात गोल फिरवत. झाडावर उरलेली फुलं होतीच. दोन-चार तिच्या अंगावर पडली. जरीनाने मान वर करून पाहिलं आणि तशीच थांबली, हात मातीत. तिचं तोंड पाहून मला कळलं की पहिल्या दिवशी माझं तोंड कसं दिसलं असेल.

सूर्य बुडाल्यावर सोनीबाईने भोपळ्याच्या तुंब्यातून आम्हाला पाणी पाजलं. आधी जरीनाला, मग मला.

लालसूभाऊ अजून माझ्याशी बोललेले नाहीत. पण अंथरूण त्यांनीच घातलं.

२० मार्च

आलापल्लीला उतरून वनरक्षकाला भेटलो होतो. पियुषचा नंबर, कुरिअरची पावती, सगळं लिहून दिलं. आज वनरक्षकाचा फोन आला, पियुषचा नंबर दुसऱ्याच कुणाच्या नावावर आहे. पुढे काही होईल असं वाटत नाही. लेन्स मी पुराव्यात देऊन टाकली. तिची आठवण येते, हेही खरं.

१४ जुलै

चार महिन्यांनी लालसूभाऊंचा फोन. फक्त एवढंच, "भाऊ, बाईले घेऊन या."

आलो. मोबाइल गावातच, त्यांच्या घरी ठेवला. जंगल हिरवंगार, नाल्याला पाणी. झाडाची एक बाजू वाळली आहे, दुसरीला पानं आहेत. पण त्यांनी आम्हाला झाडाकडे पाहू दिलं नाही, खाली पाहा म्हणाले.

जिथे मुळ्या कापल्या होत्या तिथून, खड्ड्यांच्या कडेने, कोंब आले आहेत. दहा-बारा हात दूरसुद्धा. जमिनीखाली मुळी कुठवर गेली होती त्याचा जणू कुणी वर नकाशा काढला आहे. सतरा मोजले. खोदणाऱ्यांनी एका झाडाच्या मुळ्या कापल्या आणि सतरा ठिकाणी ते उठलं. मी लालसूभाऊंना विचारलं, हे पांढरेच होतील का?

"मुळीचं पोर आहे, आईवर जाईन. पण फुलल्याशिवाय काऊन सांगू? आठ-दहा वर्ष लागतीन." मग मार्चनंतर पहिल्यांदाच ते माझ्याकडे पाहून हसले. "तुमाले यावं लागन."

मी मनात हिशेब केला. अडुसष्ट, एकोणसत्तर. चालेल.

तेवढ्यात पलीकडून जरीनाची हाक आली. ती आणि सोनीबाई एका कोंबाशी वाकून बसल्या होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही आणि सकाळपासून दोघी बोलतच होत्या. "इकडे या. लवकर. आणि पाय जपून टाका."

गेलो. वीतभर कोंब, वर एकाच देठाला फुटलेली पानं. आपल्याकडे म्हण आहे, कुठेही जा, पळसाला पानं तीनच. आजवर ती म्हण ऐकून मी मान हलवत आलो. सोनीबाईने आपलं खडबडीत बोट एकेका पानावर टेकवलं आणि मोजलं, "उंडी, रेंड, मूंड..." आणि थांबून माझ्याकडे पाहिलं, मी पाहतोय ना याची खात्री करायला.

"नालूंग."

चार. मी मोजले, जरीनाने मोजले, लालसूभाऊ खाली बसून मोजू लागले. चारच.